ट्रेलर आपला, हप्ता कुणाचा?

हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर तीन प्रकारची माणसं जागी असतात. एक अभ्यास करणारी, दुसरी अभ्यास करणाऱ्यांना त्रास देणारी, आणि तिसरी आमच्यासारखी, जी हॅम्बुर्गहून प्रागला माल घेऊन निघालेली असतात. रेक्टर सरांनी एकदा राउंडला आल्यावर विचारलं होतं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "सर, लोडेड आहे, मध्ये थांबता येत नाही." सर काही न बोलता निघून गेले. त्यांना बहुतेक वाटलं, हा सॉफ्टवेअर लोड होण्याबद्दल बोलतोय.

तर मंडळी, विषय आहे 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या गेमचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रागच्या एका कंपनीने २०१२ साली काढलेला हा गेम. यात बंदुका नाहीत, झॉम्बी नाहीत, कुणाला मारायचं नाही. ट्रक चालवायचा, माल पोचवायचा, डिझेल भरायचं, टोल द्यायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा, झोप आली की गाडी बाजूला लावून झोपायचं. आमचा बीडचा रूममेट पहिल्यांदा बघून म्हणाला, "आरं, हे तर आमचे मामा रोज करतेत. त्याला गेम कामून म्हणायलेत?" प्रश्न बरोबर होता. पण चुलत भावाने वापरून दिलेल्या माझ्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स अगदी खाली आणून, अडखळत का होईना चालणारा हा एकच गेम होता. म्हणून मी त्यात रमलो.

सुरुवातीला तुमच्याकडे ट्रक नसतो. दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून ट्रिपा मारायच्या. पैसे साठले, किंवा बँकेचं कर्ज काढलं, की स्वतःचा ट्रक. मग कंपनीने भरून ठेवलेला ट्रेलर आपल्या ट्रकला जोडायचा, मुक्कामी नेऊन सोडायचा आणि मोकळं व्हायचं. २०१८ पर्यंत एवढंच होतं. त्या वर्षीच्या एका अपडेटमध्ये त्यांनी नवीन सोय दिली. आता तुम्ही स्वतःचा ट्रेलर घेऊ शकता. बंद बॉडीचा, पडद्याचा, थंडगार फ्रीजचा, सपाट, लाकूड वाहायचा, असे कितीतरी प्रकार. रंग आपल्या पसंतीचा. आणि त्यासाठी माल शोधायचा बाजारही वेगळा.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या गेममधल्या खात्यात बऱ्यापैकी युरो जमले होते. प्रश्न पडला, ट्रेलर घ्यावा का?

हॉस्टेलमध्ये असा प्रश्न एकट्याने सोडवायची पद्धत नाही. रूम नंबर वीसमध्ये लगेच बैठक बसली. बीडचा म्हणाला, "घे की राव, आपला म्हंजे आपला. दुसऱ्याच्या ट्रेलरला किती दिवस वढणार?" लातूरचा हिशेबी. तो म्हणाला, "आता ट्रेलर सोडला की तू मोकळा. आपला घेतला की त्याच्यात बसेल असाच माल हुडकायचा. नाही मिळाला तर रिकामा फिरवायचा. दुरुस्ती तुझीच." नांदेडच्याने विचारलं, "ते डबल ट्रेलर असतेत म्हणे, ते घेता येतंय का?" मी सांगितलं, येतं, पण ते सगळीकडे चालत नाहीत, स्वीडन-फिनलंडकडे चालतात. यावर सगळेच हसले. डबल ट्रॉली बघायला आम्हाला स्वीडनला जायची गरज काय? नोव्हेंबर ते मार्च पाथरी-परभणी रोडला उभं राहा, रात्रभर डबल ट्रॉल्याच बघा. तेही स्वीडनपेक्षा दुप्पट भरलेल्या आणि लाइट नसलेल्या.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला.

"काय करायलास रे?"

"काही नाही अण्णा, अभ्यास."

"बरं. एक इचारायचं होतं. दोन ट्रॉल्या निघाल्यात इकायला. जोडी. तीन लाख म्हणायलाय. घ्याव का?"

मी फोन हातात धरून थोडा वेळ गप्पच बसलो. आदल्या रात्री जी चर्चा आम्ही चिवडा खात केली, तीच चर्चा अण्णा माझ्याशी करत होते, फक्त युरोच्या जागी रुपये होते आणि 'सेव्ह गेम' नव्हतं.

थोडी माहिती आमच्या भागाची. आमचं गाव पाथरी तालुक्यात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्याकडे येतं, गोदावरी जवळ, त्यामुळे ऊस. आमच्याकडे एक ट्रॅक्टर आहे, ट्रॉली नाही. सीझनला अण्णा ट्रॉलीची जोडी भाड्याने घेतात आणि कारखान्याला ऊस वाहतात. कारखाना वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर देतो, आणि तो खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. पेपरात तो आकडा वाचून शहरातल्या मित्राला वाटतं, शेतकऱ्याला टनाला साडेतीन हजार मिळाले. तोडणी आणि वाहतूक त्यातूनच जाते हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून अण्णांचं साधं गणित असं, की कापलेल्या पैशातला थोडा तरी आपल्याच घरात परत यावा. त्यासाठी ट्रॅक्टर. आणि ट्रॉलीच्या भाड्यात जे जातं तेही का जाऊ द्यायचं? त्यासाठी ट्रॉली.

अण्णांच्या डोक्यात २०२२ साल बसलेलं आहे. २०२१-२२ ला महाराष्ट्रात उसाचं अमाप पीक आलं. राज्यात १३७ लाख टनांच्या आसपास साखर झाली, तो विक्रम होता. मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस उभाच. तेव्हा मी बारावीला होतो. ट्रॉली भाड्याने मिळेना, मिळाली तर दुप्पट दराने. आमचा स्वतःचा ऊस वाळत होता आणि ट्रॅक्टर दारात रिकामा उभा होता, कारण मागं जोडायला काही नव्हतं. माय रोज त्या ट्रॅक्टरकडे बघून म्हणायची, "बैल हाय, गाडी न्हाई." अण्णांना तेव्हापासून वाटतं की आपली ट्रॉली पाहिजे.

पण आमच्या घरात दुसरं सालही आहे. २०१६. ते तात्याचं साल.

तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनी आमच्या आधी ट्रॅक्टर घेतला होता, दोन नव्या ट्रॉल्यांसकट, सगळं फायनान्सवर. २०१४-१५ चा हंगाम चांगला गेला. राज्यात १०५ लाख टन साखर झाली होती. मग दुष्काळ. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते २०१६ चा एप्रिल, सगळ्यांना आठवत असेल. ऊसच नव्हता. २०१६-१७ ला राज्यातली साखर ४२ लाख टनांवर आली. म्हणजे दोन वर्षांत निम्म्याहून कमी. त्यात तात्याने टोळीसाठी मुकादमाला उचल दिलेली, आणि टोळी आलीच नाही. हप्ते मात्र दर सहा महिन्याला येत राहिले. हप्त्याला दुष्काळ नसतो. आधी ट्रॉल्या गेल्या, लोखंडाच्या भावात म्हटलं तरी चालेल. मग ट्रॅक्टर गेला. मी तेव्हा पाचवीत होतो. मला एवढंच आठवतं की तात्याच्या घरासमोर ट्रॉलीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या होत्या, आणि पाऊस आला की आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो.

तात्या आता पुण्याकडे असतात. ट्रेलर चालवतात. खराखुरा, बावीस चाकी. कंटेनर घेऊन न्हावाशेवाला जातात. मालक दुसरा, यांचा पगार.

अण्णांनी मला विचारलं कारण मी इंजिनिअर होणार. मला हे विचारल्याचा आनंद आणि भीती दोन्ही वाटलं. आपल्याला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये ब्रेक इव्हन पॉइंट असतो. आपण तो दहा मार्कांसाठी काढतो आणि विसरतो. मी पहिल्यांदाच तो खऱ्या कामासाठी काढायला बसलो. अण्णांना फोन करकरून आकडे घेतले.

जोडीची किंमत तीन लाख. जोडीचं सीझनचं भाडं साठ हजार, ते वाचेल. टायर, पाटे, बेअरिंग, वेल्डिंग, रंग असा वर्षाचा खर्च वीस हजार धरला. शिवाय सीझन सोडून इतर वेळी शेणखत टाकायला, सोयाबीन काढल्यावर, मानवतच्या बाजारात कापूस न्यायला आम्ही ट्रॉली भाड्याने आणतो, आणि गावात कुणाकुणाची कामंही मिळू शकतात. ते सगळं मिळून पंचवीस हजार. म्हणजे साठ अधिक पंचवीस वजा वीस, वर्षाला पासष्ट हजार. तीन लाख भागिले पासष्ट हजार, चार पूर्णांक सहा. पाच हंगामांच्या आत पैसे वसूल. मी खूश. अण्णांना फोन लावणार एवढ्यात लातूरचा म्हणाला, "थांब. त्या पंचवीस हजाराच्या कामाला दोन्ही ट्रॉल्या लागतेत का?"

नाही. खताला आणि कापसाला एकच लागते. दुसरी फक्त उसाला.

मग मी दोन ट्रॉल्यांचा हिशेब वेगळा केला. पहिल्या ट्रॉलीला दीड लाख. भाडं वाचलं तीस हजार, बाकीची कामं पंचवीस, खर्च दहा. वर्षाला पंचेचाळीस हजार. साडेतीन वर्षांच्या आत वसूल. दुसऱ्या ट्रॉलीला पण दीड लाख. भाडं वाचलं तीस, खर्च दहा, बाकी काही नाही. वर्षाला वीस हजार. साडेसात वर्षं! आणि अण्णांकडे रोख होते लाखभर. म्हणजे ही दुसरी ट्रॉली पूर्ण कर्जावरच येणार. बारा टक्क्याने दीड लाखाचं पहिल्या वर्षाचं व्याज अठरा हजार. वीसातले अठरा व्याजाला. वर्षभर दोन हजार रुपयांसाठी ट्रॉली ओढायची. आणि या साडेसात वर्षांत एकदा तरी २०१६ सारखं साल येणार नाही याची गॅरंटी कोण देणार? जोडीचा एकत्र हिशेब केला तेव्हा पहिली ट्रॉली दुसरीला पाठीवर घेऊन चालत होती, म्हणून ते दिसत नव्हतं.

हे मी तात्यांना फोनवर सांगितलं. त्यांना गेमचंही सांगितलं, जरा लाजतच. ते रात्री कुठल्या तरी ढाब्यावर थांबले होते. मागं गाड्यांचे आवाज येत होते. आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "गेममधी ट्रेलर रिकामा उभा ऱ्हायला तर तुला काय वाटतंय?"

मी म्हणालो, "खरं सांगू का तात्या, करमत नाही. काहीतरी भरून न्यावंच वाटतं."

"हां. तेच हाय बघ. आपला असला की रिकामा उभा बघवत न्हाई. मग नको ते भाडं घेतो माणूस, नको त्या टायमाला निघतो, नको तेवढं भरतो. मी एका रात्रीत तीन खेपा केल्यात त्या वर्षी, हप्त्यासाठी. कारखान्याच्या लाइनीत स्टेरिंगवर झोपायचो. आता मालकाचा ट्रेलर हाय. झोप आली की लावतो बाजूला. मालक बोंबलला तर बोंबलू दे."

मग जरा थांबून म्हणाले, "अण्णाला म्हणावं घे. पण एकच घे. अन् आधी मागं लाल रिफ्लेक्टर लाव."

तात्या बोलले त्यावर मी नंतर बराच विचार केला. युरोपात ट्रक ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, तसा नियम आहे. आपल्याकडेही १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणायचा. पण जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, त्याला कोण सांगणार, आता झोप म्हणून? गेममध्ये डोळे मिटायला लागले की स्क्रीन काळी होते. ट्रॅक्टरवर अंधारच असतो, त्यामुळे डोळा मिटलेला कळतसुद्धा नाही. त्यात बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलतं. हे मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको, फ्री बॉडी डायग्राम काढा म्हणजे घाम फुटेल. २०१८ साली सरकारने ट्रकच्या अॅक्सलवरची वजनाची मर्यादा वाढवली, दोन अॅक्सलच्या ट्रकला १६.२ टनांवरून १८.५ टन केली. आमच्याकडे उसाची ट्रॉली भरताना वजनाची मर्यादा एकच, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाऊ नयेत.

पण माझं कोडं सुटलं ते भलत्याच ठिकाणी. ज्युनिअर पोराला बेसिक इलेक्ट्रिकल समजावून सांगत होतो. बेस लोड आणि पीक लोड. वर्षभर सारखी लागणारी वीज मोठ्या केंद्रातून घ्यायची, कारण ते सतत चालतं. संध्याकाळी दोन-चार तास वाढणारी मागणी दुसऱ्या केंद्रातून भागवायची. त्या दोन-चार तासांसाठी बेस लोडचं अख्खं नवीन केंद्र कुणी बांधत नाही. बोलता बोलता मी थांबलो. अरे, ही तर ट्रॉली! एक ट्रॉली आमचा बेस लोड, वर्षभर काम आहे. दुसरी पीक लोड, चार महिने. पहिली विकत घ्यायची, दुसरी भाड्याने. तात्यांनी अनुभवाने एका वाक्यात सांगितलं ते मला समजायला आठ दिवस, एक पान हिशेब आणि फर्स्ट इयरचं पुस्तक लागलं.

राहिला २०२२ चा प्रश्न, की ऐन वेळी भाड्याची ट्रॉली मिळाली नाही तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मायकडे होतं. ती म्हणाली, "दसऱ्याच्या आधीच बोलून ठिवा की. इसार द्या. समदे दिवाळीनंतर पळतेत म्हून भाव वाढतो." इतकी सोपी गोष्ट आम्हा कुणाला सुचली नव्हती.

अण्णांना हे सगळं फोनवर समजावताना मला वाटलं होतं ते नाराज होतील. जोडी चांगली होती, रंगही नवा होता. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तात्याला तेव्हा कुणी हिशेब करून दिला असता तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मीही पुढचं बोललो नाही. खरं म्हणजे तात्याला हिशेब येत नव्हता असं नाही. चांगल्या सालात सगळ्यांचाच हिशेब बरोबर येतो. आणि माझा तरी बरोबर आहे कशावरून? पंचवीस हजारांची कामं मी अंदाजाने धरली आहेत. २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी सगळ्यांनी बघितली. सोयाबीन पाण्यात गेलं, रानात वाफसा नाही, ट्रॉली आत घालायची सोय नाही. अशा साली पहिली ट्रॉलीसुद्धा उभीच राहणार. पण ती रोखीची असेल तर उभी राहून गंजेल, रात्री झोप उडवणार नाही. एवढाच फरक. पण तो फरक मी तात्याच्या घरासमोर बघितलेला आहे.

शेवटी जोडी फुटली. दुसरी ट्रॉली शेजारच्या गावच्या एका पाहुण्याने घेतली, आणि सीझनपुरती तीच आम्हाला भाड्याने द्यायचं ठरलं. अण्णांकडचे एक लाख, आणि पन्नास हजार मायच्या बचत गटातून.

आणि गेम? गेममध्येही मी एकच ट्रेलर घेतला. पडद्याचा, ज्यात बऱ्याच प्रकारचा माल बसतो. त्याला माल मिळाला तर तो जोडतो, नाही मिळाला तर गॅरेजात उभा करतो आणि कंपनीचा ट्रेलर ओढतो. रिकामा उभा आहे म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही, हे मी गेममध्ये शिकतोय. फुकट शिकायला मिळतंय तर शिकून घ्यावं. त्यात दुष्काळ पडत नाही, मुकादम पळत नाही, काट्यावर दोन दिवस लाइनीत उभं राहावं लागत नाही आणि उसाचं वजन वाळून कमी होत नाही. म्हणून तर तो गेम आहे. बीडच्याला आता माझ्याकडे उत्तर आहे.

ट्रॉली घरी आली त्या दिवशी अण्णांनी फोटो पाठवला. मागं लाल रिफ्लेक्टरच्या तीन पट्ट्या, तात्यांनी सांगितल्याप्रमाणे. पेंटर थांबला होता, मागच्या फळीवर काय लिहायचं म्हणून. सगळ्यांच्या ट्रॉल्यांवर असतं तसं "आईची कृपा" लिहा, असं मी सांगितलं.

पलीकडून मायचा आवाज आला, "कृपा कशाची? पन्नास हजार हायत गटाचे. महिन्याच्या म्हैन्याला भरायचेत, त्याला सांग."

असो. सबमिशन जवळ आलंय, आणि प्रागचा माल अजून पोचायचा आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)